आमिष दिसते, गळ दिसत नाही



वर्षावासात आपल्या विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. मागच्या रविवारी वाचन रंगात आले असताना मागच्या रांगेत कुणाचा तरी मोबाइल ‘टिंग’ असा वाजला. वाजला एकाचा, पण हात सात-आठ जणांचे खिशाकडे गेले. मी पुढे बसून वाचत होते. खरे सांगायचे तर वाचता वाचता माझीही नजर पिशवीकडे गेली. त्या एका आवाजासरशी इतके हात का हलले? आपण हात हलवला, की कोणी आपल्याकडून हलवून घेतला? आज याच प्रश्नाचा विचार करू.

संयुत्त निकायात लाभ, सत्कार आणि कीर्ती या एकाच विषयावर सुत्तांचा एक स्वतंत्र गट आहे. त्यात तथागतांनी कोळ्याचा दृष्टांत दिला आहे. कोळी गळाला आमिष लावतो आणि तो खोल पाण्यात सोडतो. माशाला आमिष दिसते, गळ दिसत नाही. तो आमिष गिळतो आणि त्याबरोबर गळही गिळतो. मग कोळी नेईल तिकडे त्याला जावे लागते. लाभ, सत्कार आणि कीर्ती यांचे असेच आहे, असे तथागत सांगतात. हा उपदेश कोणाला केला, हे ध्यानात घ्या. तो धनलोभी सावकाराला किंवा राजाला केलेला नाही. घरदार सोडून आलेल्या भिक्खूंना केलेला आहे. ज्यांनी सर्व सोडले तेही वाहवा सोडू शकतीलच असे नाही, हे तथागत जाणून होते. मग तुम्हा-आम्हा संसारी माणसांची काय कथा!

आता विज्ञान काय म्हणते ते पाहू. धम्म पारखून घ्यावा, असे आपण म्हणतो. तेव्हा पारख केलीच पाहिजे.

अमेरिकेत बी. एफ. स्किनर नावाचे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी कबुतरांवर अनेक वर्षे प्रयोग केले. पेटीत कबुतर ठेवायचे. भिंतीवरच्या चकतीला त्याने चोच मारली की दाणा पडायचा. ठरावीक टोचींनंतर दाणा मिळत गेला, तर दाणा खाऊन झाल्यावर कबुतर थोडे थांबे. मग स्किनर यांनी दाण्याचा नेम काढून टाकला. कधी तिसऱ्या टोचीला दाणा, कधी तिसाव्या, कधी लागोपाठ दोनदा. आता कबुतर थांबेना. ते टोचतच राहिले. पुढे दाणा बंद केला तरी बराच वेळ टोचत राहिले. स्किनर आणि त्यांचे सहकारी चार्ल्स फर्स्टर यांनी १९५७ साली हे सारे प्रयोग ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. जुगाराच्या यंत्रापाशी बसलेला माणूसही याच नियमाने अडकतो, हे स्किनर यांनीच दाखवून दिले.

बंधूंनो, मोबाइलचा पडदा बोटाने खाली ओढून आपण ‘नवीन काही आले का’ पाहतो. कधी काहीच नसते. कधी एक लाइक असते, कधी वीस, कधी जुन्या मैत्रिणीचा संदेश. नेम नाही! आणि नेम नाही म्हणूनच आपण पुन्हा पुन्हा ओढतो. चकती बदलली, दाणा बदलला. टोचणे तेच राहिले.

यापुढची गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. मेंदूत डोपामाइन नावाचे एक द्रव्य असते. ते ‘सुखाचे द्रव्य’ आहे, असे पुष्कळदा सांगितले जाते. पण तेवढे म्हणणे पुरेसे नाही. वुल्फ्राम शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवर प्रयोग केले. आधी खूण दाखवायची आणि नंतर फळांचा रस द्यायचा. माकडाला खूण ओळखता येऊ लागली की डोपामाइनच्या पेशी रस मिळाल्यावर नव्हे, तर खूण दिसताच चेतू लागल्या. २००३ साली त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. रस मिळण्याची आणि न मिळण्याची शक्यता जेव्हा निम्मी-निम्मी होती, तेव्हा वाट पाहण्याच्या काळात या पेशींची हालचाल सर्वांत जास्त होती. म्हणजे ‘मिळेल की नाही मिळेल’ ही हुरहूर हीच मोठी ओढ ठरली. विहारातला तो ‘टिंग’ आवाज ही खूण होती. रस अजून कोणालाच मिळाला नव्हता!

मिशिगन विद्यापीठाचे केंट बेरिज यांनी तर हवेसे वाटणे आणि आवडणे या दोन गोष्टींची फारकतच करून दाखवली. ज्या उंदरांच्या मेंदूतले डोपामाइन जवळजवळ नाहीसे केले होते, त्यांच्या जिभेवर साखर ठेवली तर ते गोड लागल्याची खूण तोंडावर दाखवत. पण स्वतः उठून अन्नाकडे जात नसत. आवड शिल्लक होती, ओढ गेली होती. माणसाच्या बाबतीत याच्या उलटही घडू शकते. ओढ वाढत जाते आणि आवड मात्र वाढत नाही. रात्री बारा वाजता डोळे चुरचुरत असताना आपण रील्स पाहत असतो. आनंद होतो काय? नाही. थांबवते काय? तेही नाही.

या अवस्थेला तथागतांनी तृष्णा म्हटले आहे. प्रतीत्यसमुत्पादाच्या साखळीत स्पर्शातून वेदना, वेदनेतून तृष्णा आणि तृष्णेतून उपादान म्हणजे घट्ट धरून ठेवणे, असा क्रम आहे. येथे वेदना म्हणजे दुखणे नव्हे. सुखद, दुःखद किंवा मधली अशी कोणतीही जाणीव. बुद्धाने डोपामाइन आधीच सांगून ठेवले होते, असा दावा आपण करू नये. तसे बोलणे आपल्याला शोभत नाही. पण जाणीव वेगळी आणि तिच्यामागे धावणे वेगळे, या दोहोंच्या मध्ये माणसाला उभे राहता येते, ही गोष्ट तथागतांनी अनुभवाने सांगितली आणि ती आजही खरी उतरते.

आता हा गळ टाकणारा कोळी कोण, तेही पाहू. ही माध्यमे आपल्याकडून पैसे घेत नाहीत. ती आपला वेळ घेतात आणि जाहिरातदारांना विकतात. फेसबुकवर लाइकचे बटण फेब्रुवारी २००९ मध्ये आले. खाली सरकत गेले तरी कधी न संपणारे पान एझा रास्किन यांनी २००६ साली तयार केले. पुढे त्यांनीच त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. फेसबुकचे पहिले अध्यक्ष शॉन पार्कर यांनी २०१७ साली उघड सांगितले, की लोकांचा जास्तीत जास्त वेळ आणि लक्ष कसे घ्यावे हाच विचार करून हे घडवले गेले, आणि मानवी मनाच्या एका दुबळ्या जागेचा त्यात जाणूनबुजून उपयोग केला गेला. त्याच २०१७ पासून काही काळ फेसबुकच्या गणितात रागाच्या चिन्हाला साध्या लाइकच्या पाचपट वजन होते. कंपनीची अंतर्गत कागदपत्रे २०२१ साली बाहेर आली तेव्हा ही गोष्ट जगाला कळली. लोभ, द्वेष आणि मोह ही अकुशलाची तीन मुळे आपण पाठ म्हणतो. लाइकमध्ये लोभ, रागाच्या चिन्हात द्वेष आणि न संपणाऱ्या पानात मोह! तिन्ही मुळांना पाणी घालण्याची सोय एका हातात झाली आहे.

भगिनींनो, आता मनातले बोलते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. आपल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या कोणी ‘वा!’ म्हटले नाही. नाव घेऊन हाक मारली नाही, शेजारी बसवले नाही. अशा घरातल्या मुलीच्या फोटोवर दोनशे लोक अंगठा दाखवतात, तेव्हा तिला काय वाटत असेल? ही भूक खोटी नाही, आणि तिची थट्टा कोणी करू नये. पण भूक जितकी जुनी, तितके आमिष जवळचे वाटते.

काही वर्षांपूर्वी धम्मचक्र प्रवर्तन दिनी मी बाबांना घेऊन दीक्षाभूमीला गेले होते. स्तूपापुढे हात जोडून उभे असलेल्या बाबांचा फोटो मी काढला आणि लगेच टाकला. परतीच्या एस.टी.त बाबा सांगू लागले. १९५६ साली आजोबा नागपूरला कसे आले, वाटेत कोणत्या गावी मुक्काम केला, भाकरी कोणी दिली. मी ‘हो, हो’ म्हणत होते आणि दर मिनिटाला आकडा पाहत होते. साठ झाले, नव्वद झाले. बाबा मध्येच थांबले आणि म्हणाले, “होऊ दे माय तुझं आधी. मंग सांगतो.” मग त्यांना झोप लागली. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही आणि मीही विचारले नाही. पुढच्या उन्हाळ्यात बाबा गेले. त्या फोटोला तीनशे बारा लाइक मिळाले, हे मला आजही पाठ आहे. आजोबांनी कोणत्या गावी मुक्काम केला, ते मात्र मला माहीत नाही, आणि आता सांगणारे कोणी उरले नाही.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने आईबरोबरचा आपला फोटो असाच टाकला होता. दुसऱ्या दिवशी तिने तो काढून टाकला. का, म्हणून विचारले तर म्हणाली, “मॅडम, सातच लाइक आले.” फोटो तोच होता, आई तीच होती. आदल्या दिवशी आवडलेली आई दुसऱ्या दिवशी लाजेची झाली. केवळ एका आकड्याने!

येथे एक फरक नीट समजून घ्यावा. पसंती निराळी आणि आत्मसन्मान निराळा. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्या दिवशी तेथे कोणी वाहवा केली काय? उलट सभेला आलेल्या आपल्या माणसांवर हल्ले झाले, त्यांची डोकी फुटली. तरीही ती माणसे ताठ मानेने घरी गेली. कारण आपण माणूस आहोत, हे त्यांनी कोणाला विचारून ठरवले नव्हते. जो सन्मान दुसऱ्याच्या बोटावर अवलंबून असतो, तो दुसऱ्याच्या बोटानेच जातो. लाभ-अलाभ, यश-अपयश, निंदा-प्रशंसा, सुख-दुःख हे आठ लोकधर्म जगाबरोबर फिरतच राहणार. त्यांच्यामागे मनाने फिरू नये, एवढेच आपल्या हाती आहे.

सिगालोवाद सुत्तात गृहस्थाची संपत्ती बुडवणारी सहा द्वारे सांगितली आहेत : मद्यपान, अवेळी भटकणे, खेळतमाशांचा नाद, जुगार, कुसंगती आणि आळस. पूर्वी यांतल्या बहुतेकांसाठी घराबाहेर पडावे लागे. आता अंथरुणात पडल्या पडल्या अवेळी भटकता येते. मोबाइलवरच्या पैशाच्या खेळांनी किती घरे पोखरली, ते तुम्ही पाहिलेच आहे. अशा खेळांना बंदी करणारा कायदा २०२५ साली संसदेने केला. कायदा हवाच, पण तो कबुतराची पेटी बंद करील, टोचण्याची सवय घालवणार नाही. ती आपणच घालवली पाहिजे.

मग मोबाइल फेकून द्यायचा काय? मुळीच नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज त्यावरच भरावा लागतो, नोकरीची जाहिरात त्यावरच कळते, बाबासाहेबांच्या लेखनाचे खंडही त्यावर वाचता येतात. २०१८ साली अमेरिकेत हंट ऑलकॉट आणि इतर अर्थशास्त्रज्ञांनी काही लोकांना मोबदला देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावले. त्यांचा रोजचा सुमारे एक तास मोकळा झाला, घरच्यांबरोबरचा वेळ वाढला, मनाचे समाधान थोडे वाढले. मात्र बातम्यांची माहिती कमी झाली. लाभ आहे आणि तोटाही आहे. म्हणून मध्यम मार्ग धरावा.

पंचशीलातील पाचव्या शीलात आपण मद्य वर्ज्य करतो, ते प्रमादाचे म्हणजे बेसावधपणाचे कारण आहे म्हणून. जे जे बेसावध करते, त्याच्या बाबतीत हेच शील आठवावे. त्यासाठी चार गोष्टी करून पाहा. पहिली, अनावश्यक सूचनांचे आवाज बंद करा. खूण गेली की ओढ निम्मी होते की नाही, ते स्वतः तपासा. दुसरी, वंदनेच्या आणि जेवणाच्या वेळी घरातले सर्व फोन एका जागी ठेवा. आधी आईबापांचे, मग मुलांचे. तिसरी, फोन हाती घेण्यापूर्वी एक श्वास जाणून घ्या आणि मनाला विचारा, “काम आहे, की ओढ आहे?” ओढ असेल तर तिच्याकडे नुसते पाहा. ती येते, वाढते आणि ओसरते. वेदना आणि तृष्णा यांच्यामधली जागा ती हीच. चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या माणसाचे कौतुक तोंडाने करा. मुलाने गणित सोडवले, सुनेने परीक्षा दिली, तर तिच्यासमोर उभे राहून सांगा. दुसऱ्याच्या यशात आनंद मानणे याला मुदिता म्हणतात. ज्या घरात मुदिता आहे, त्या घरातले मूल आमिषासाठी खोल पाण्यात फार वेळ भटकणार नाही.

आणि शेवटी एक विनंती. तुमच्या घरात १९५६ पाहिलेले किंवा त्याविषयी ऐकलेले कोणी म्हातारे माणूस असेल, तर आज घरी गेल्यावर फोन बाजूला ठेवून त्यांच्याजवळ बसा. वाटेत मुक्काम कोणत्या गावी केला होता, ते विचारा आणि वहीत लिहून ठेवा.

सर्वांचे कल्याण होवो. जय भीम! नमो बुद्धाय!