प्लॅटिनम, मीठ आणि पाणी

कंबरेवर हात ठेवून उभे राहा. अंगठे पाठीवर जिथं टेकतात, त्याच्या थोडं वर, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला तुमची मूत्रपिंडं आहेत. आता बसा, डोळे मिटा आणि लक्ष तिथं न्या.

काही जाणवणार नाही. श्वासाकडे लक्ष दिलं तर श्वास सापडतो, छातीवर हात ठेवला तर ठोका सापडतो. इथं मात्र काहीच हालत नाही, दुखत नाही. म्हणूनच ध्यान शिकवणारे श्वासाकडे बघायला सांगतात. किडनीकडे बघा असं सांगणारा मला अजून भेटलेला नाही. आपण आज तेच करून बघू. जाणवत नाही त्या जागेशी थोडा वेळ बसू.

हृदय जेवढं रक्त ढकलतं त्याचा सुमारे पाचवा हिस्सा या दोन मुठींकडे येतो. प्रत्येक मूत्रपिंडात दहा लाखांच्या आसपास बारीक गाळण्या आहेत. त्यांतून दिवसभरात सुमारे 180 लिटर पाणी गाळलं जातं. ऑफिसात ठेवतात ते वीस लिटरचे जार डोळ्यांपुढे आणा, एकाशेजारी एक असे नऊ. त्यातलं दीड-दोन लिटर लघवीवाटे जातं. बाकीचं सगळं, त्यातल्या मिठासकट आणि साखरेसकट, परत रक्तात घेतलं जातं. गाळणं सोपं आहे, ते रक्ताच्या दाबानं होतं. परत घेणं कष्टाचं. गाळणीला जोडलेल्या नळीच्या भिंतीतल्या पेशी ते रात्रंदिवस करतात. शिवाय रक्तातले नको असलेले रेणू मागच्या बाजूनं आत ओढून लघवीत टाकायचं कामही त्यांच्याकडेच असतं. या शेवटच्या कामावर लक्ष असू द्या. पुढची गोष्ट तिथंच घडते.

आता मन अमेरिकेत, मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या एका प्रयोगशाळेत न्या. 1960 च्या दशकाची पहिली वर्षं. बार्नेट रोझेनबर्ग नावाचे भौतिकशास्त्राच्या वळणाचे संशोधक विजेचा पेशींच्या विभाजनावर काय परिणाम होतो ते बघत होते. पेशी दुभंगताना तिच्या पोटात दिसणारी आकृती त्यांना चुंबकाभोवती जमलेल्या लोखंडाच्या किसासारखी वाटली होती, प्रयोगाचं मूळ तेवढंच. जिवाणूंच्या द्रवात त्यांनी प्लॅटिनमच्या पट्ट्या सोडल्या. प्लॅटिनम कशाशीच नातं जोडत नाही, अशी त्या धातूची ख्याती. वीज सुरू केल्यावर जिवाणू दुभंगायचे थांबले, पण वाढायचे थांबले नाहीत. लांबच लांब धागे झाले त्यांचे, नेहमीच्या लांबीच्या तीनशे पटींपर्यंत.

विजेचा गुण, असंच कुणीही म्हणालं असतं. रोझेनबर्ग आणि त्यांच्या सहकारी लोरेटा व्हॅन कॅम्प तिथं थांबले नाहीत. बराच काळ एकेक शक्यता बाजूला सारत गेल्यावर कळलं की वीज निर्दोष होती. पट्टीतून किंचितसं प्लॅटिनम सुटून द्रवातल्या क्षारांशी जोडलं जात होतं आणि विभाजन ते संयुग रोखत होतं. 1965 मध्ये हे प्रसिद्ध झालं. संयुग तसं जुनंच, मिकेले पेरोने या इटालियन रसायनज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर केलेलं. एवढी वर्षं औषध म्हणून कुणी त्याच्याकडे बघितलं नव्हतं. 1969 मध्ये उंदरांमधल्या गाठी त्यानं विरघळताना दिसल्या. त्याला आज सिसप्लॅटिन म्हणतात.

थोडं थांबून या रेणूकडेच बघा. मधोमध प्लॅटिनमचा एक अणू, एका अंगाला दोन अमोनिया, दुसऱ्या अंगाला दोन क्लोराईड. रक्तात मीठ भरपूर, म्हणून तिथं क्लोराईड जागचे सहसा हलत नाहीत आणि रेणू बराचसा शांत राहतो. पेशीच्या आत क्लोराईड फार कमी. तिथं ते सुटतात, त्यांची जागा पाणी घेतं, आणि प्लॅटिनम मोकळं होतं. मग ते डीएनएच्या दोन शेजारच्या अक्षरांना धरतं. धागा तिथं वाकतो, त्याची नक्कल करणं जमत नाही आणि पेशी मरते. हे औषध सलाईनमधून, म्हणजे मिठाच्या पाण्यातून का देतात, तेही इथं उलगडतं.

पण या रेणूला कर्करोगाची पेशी ओळखता येत नाही. जी पेशी त्याला आत घेईल तिथं तो जातो. आणि आत ओढून घेणं हेच जिचं काम, ती पेशी कुठली, हे तुम्हाला आता ठाऊक आहे. नळीच्या भिंतीतल्या त्या पेशी रक्तातलं सिसप्लॅटिन नको असलेली वस्तू म्हणून उचलतात, बाहेर टाकायला घेतात, आणि त्या धावपळीत रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट औषध त्यांच्याच पोटात साठतं. त्या मरतात ते आपलं काम चोख केल्यामुळे. वैद्यकाच्या पुस्तकांत याला दुष्परिणाम म्हणतात. मला तो शब्द इथं फार कोरडा वाटतो.

1971 मध्ये पहिल्या रुग्णांना औषध मिळालं. काहींच्या गाठी झपाट्यानं उतरल्या आणि काहींची मूत्रपिंडं बसली. औषध गुंडाळून ठेवायची वेळ आली होती. मग न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयात एस्तेबान स्विट्कोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औषध बदलायच्या आधी पाणी बदलून बघितलं. शिरेतून भरपूर द्रव, सोबत लघवी वाढवणारं मॅनिटॉल, आणि मग सिसप्लॅटिन. आधी कुत्र्यांवर, नंतर माणसांवर. 1977 मध्ये हे निष्कर्ष आले. नळ्यांतून पाणी जोरात वाहत राहिलं की औषध तिथं कमी रेंगाळतं. त्याच वर्षी इंडियानात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी वृषणाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या 47 रुग्णांचा अहवाल दिला. सिसप्लॅटिनसह तीन औषधं दिल्यावर त्यांच्यातल्या बहुतेकांच्या गाठी पूर्ण नाहीशा झाल्या होत्या. तोवर या रोगातून क्वचितच कुणी वाचत असे.

त्या कुत्र्यांचाही विचार क्षणभर मनात येऊ द्या. त्यांना बाजूला ठेवून हा हिशेब पुरा होत नाही.

आता किमोच्या वॉर्डात या, कुठल्याही शहरातल्या. सकाळी रक्त घेतलेलं आहे आणि सगळे एका आकड्याची वाट बघताहेत. ‘क्रिएटिनीन किती आलं?’ तो आकडा आल्याशिवाय बाटली लागत नाही. स्नायूंच्या रोजच्या झिजेतून क्रिएटिनीन तयार होतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. ते तुंबलं की रक्तातला आकडा चढतो, पण चढतो उशिरा. गाळण्याची निम्मी ताकद गेलेली असतानाही अहवाल ठीकठाक दिसू शकतो, विशेषतः म्हाताऱ्या, कृश माणसात, ज्याच्या अंगात स्नायूच उरलेले नाहीत. म्हणून चांगला डॉक्टर नुसता आकडा वाचत नाही, समोरचं माणूस बघतो, वय विचारतो, वजन विचारतो. म्हणून सिस्टर पेशंटच्या बायकोला सांगते की लघवी मापात धरा, फेकू नका, लिहून ठेवा. ओकाऱ्या किती, पाणी किती प्याले, कण्हत कण्हत का होईना संडासला गेले का. पेनकिलर परस्पर घेऊ नका. हा सगळा तपशील कंटाळवाणा आहे. जी जागा स्वतःहून ओरडत नाही तिच्याकडे लक्ष द्यायचं तर ते असंच कंटाळवाणं असणार.

इंग्लंडमध्ये सिसप्लॅटिनचा सौम्य भाऊ औषध म्हणून तयार झाला, कार्बोप्लॅटिन. तो मूत्रपिंडाला फारसा त्रास देत नाही, पण बाहेर पडतो तिथूनच. 1989 मध्ये हिलरी कॅल्व्हर्ट यांनी त्याच्या डोसाचं साधं सूत्र मांडलं: गाळण्याच्या वेगात 25 मिळवा आणि रक्तात औषध जेवढं राहायला हवं त्या आकड्यानं गुणा. लक्ष्य 5 असेल, तर ज्याची मूत्रपिंडं मिनिटाला 100 मिलिलिटर गाळतात त्याला 625 मिलिग्रॅम. ज्याची 40 गाळतात त्याला 325. उंची-वजनावरून डोस काढायच्या काळात इथं माप मूत्रपिंडाच्या हाती दिलं गेलं. पण वृषणाच्या कर्करोगात हा भाऊ कमी पडला. डोक्या-मानेच्या कर्करोगातही सिसप्लॅटिनची जागा त्यानं घेतलेली नाही.

आणि डोक्या-मानेचा कर्करोग आपल्या घरातला. तंबाखू, मशेरी, गुटखा, सुपारी. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये 300 रुग्णांवर एक प्रश्न तपासला गेला: रेडिएशनसोबत सिसप्लॅटिन दर तीन आठवड्यांनी मोठ्या डोसात द्यावं, की दर आठवड्याला थोडं थोडं? थोडं थोडं कुणालाही दयाळू वाटेल. 2018 मध्ये आलेलं उत्तर तसं नव्हतं. दोन वर्षांनी रोग त्या जागी आटोक्यात असलेल्यांचं प्रमाण मोठ्या डोसात 73.1 टक्के आणि छोट्या डोसात 58.5 टक्के. तीव्र त्रास मात्र मोठ्या डोसात जास्त, 84.6 टक्के विरुद्ध 71.6. हे चारही आकडे सावकाश वाचा. कुठला बरा हे ठरवायची घाई करू नका. ज्याला त्रास भोगायचा आहे तो तुम्ही नाही.

मग प्रश्न उरला ज्यांना सिसप्लॅटिन सोसणारच नाही त्यांचा. मूत्रपिंड कमजोर, कानाला ऐकू कमी, अशी कारणं. अभ्यासांत त्यांची नावं सुरुवातीलाच गळतात आणि मग त्यांना काय द्यायचं ते कुणालाच सांगता येत नाही. टाटामध्ये अशाच 356 जणांवर अभ्यास झाला. निम्म्यांना नुसतं रेडिएशन, निम्म्यांना सोबत दर आठवड्याला थोडं डोसिटॅक्सेल हे दुसरं औषध, जे शरीर मुख्यतः यकृतातून बाहेर काढतं. 2023 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण 41.7 टक्क्यांवरून 50.8 वर गेलं होतं.

शंभरातली नऊ माणसं. त्यांना आकडा म्हणून सोडून देऊ नका. कुणी टेलर असेल, कुणी ऊसतोडीला जाणारं, कुणाची सून पुण्याहून रजा काढून आलेली असेल.

यांच्याही पलीकडे डायलिसिसवरचं माणूस उरतं, ज्याला कर्करोग झाला आहे. बहुतेक चाचण्यांच्या नियमांत ते बसत नाही. डॉक्टरांपुढे त्याच्यासाठी मोठे अभ्यास नसतात. इथला एक रुग्ण, तिथले चार, अशा विखुरलेल्या नोंदी असतात. न्यूयॉर्कमध्ये सापडलेला पाण्याचा उपायही त्याच्या कामाचा नाही. त्याला तर प्यायचं पाणीच मोजून मिळतं, आणि आत गेलेलं पाणी बाहेर काढायला आठवड्यातून दोनतीनदा मशीनपाशी चार-चार तास पडून राहावं लागतं. त्याला कुठलं औषध, किती, आणि डायलिसिसच्या आधी की नंतर, हे प्रत्येक खेपेला कर्करोगाच्या आणि किडनीच्या डॉक्टरांनी एकत्र बसून नव्यानं ठरवायचं असतं.