बंद खोलीतला ऋतू

छंद या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. मनाने स्वेच्छेने धरलेली आवड हा एक, आणि काव्यातील वृत्त, म्हणजे अक्षरांची बांधलेली लय, हा दुसरा. बागकामात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, कारण लावणाऱ्याची आवड कितीही उत्कट असली तरी झाड आपल्या लयीनेच वाढते आणि माळ्याला त्या लयीशी जुळवून घ्यावे लागते. गेल्या सुमारे पन्नास वर्षांत पाश्चात्त्य देशांत रुजलेल्या एका छंदात मात्र हे नाते उलटे झाले आहे. घरातल्या बंद खोलीत विजेच्या दिव्याखाली गांजाची झाडे जोपासणारा माणूस स्वतःच ऋतू ठरवतो आणि झाड त्याला जुळवून घेते. उरुग्वे, कॅनडा, जर्मनी आणि अमेरिकेतील अनेक राज्यांत ही जोपासना आता ठरावीक मर्यादेत कायदेशीर आहे. भारतात परवान्याविना एक झाड लावणे हाही गुन्हा आहे. ही खोली बागकामाच्या गरजेपोटी जन्मली नाही, लपण्याच्या गरजेपोटी जन्मली. आणि लपण्याचे कारण सरल्यावरही ती का टिकली, हे पाहू गेल्यास घराचे स्वातंत्र्य कोठे संपते आणि घराबाहेरची जबाबदारी कोठे सुरू होते, या मोठ्या प्रश्नाशी विचार येऊन ठेपतो.

प्रथम झाडाची लय समजून घेतली पाहिजे. गांजाचे झाड वर्षायू आहे, म्हणजे बी रुजण्यापासून बी धरून वाळण्यापर्यंतचा त्याचा संसार एका वर्षाच्या आत आटोपतो. मोठ्या दिवसांत ते पानांनी आणि फांद्यांनी वाढते, आणि दिवस आखडू लागले की फुलावर येते. दिवस-रात्रीच्या लांबीनुसार वनस्पतीने आपला बहर ठरवण्याच्या या गुणाला दीप्तिकालिता म्हणतात. दसरा-दिवाळीला दारोदारी दिसणारी शेवंतीही याच जातकुळीची आहे, आणि हरितगृहात शेवंती घेणारे शेतकरी रात्री दिवे लावून तिचा बहर पुढे ढकलतात ते या गुणाच्याच आधारे. या गुणाचा सुगावा ज्या वनस्पतींमुळे शास्त्राला लागला त्यांत गांजाच्या जातीचे हेच झाड होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. पॅरिसमधील तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ ज्युलिएन तुर्न्वा याला १९१२च्या सुमारास असे आढळले की हिवाळ्यात हरितगृहात पेरलेली हॉपची आणि भांगेची रोपे अगदी कोवळ्या वयातच फुलतात, आणि त्याने त्याचे कारण लहान दिवसांत शोधले. पहिल्या महायुद्धात तो मारला गेला आणि ते काम अपुरे राहिले. अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर आणि ॲलार्ड यांनी १९२० साली हे तत्त्व सिद्ध करून त्याला नाव दिले, आणि १९३८ साली हॅमनर व बॉनर यांनी दाखवून दिले की अशा वनस्पतींच्या लेखी दिवसाच्या उजेडापेक्षा रात्रीच्या अखंड अंधाराची लांबी अधिक निर्णायक असते.

बंद खोलीतला सगळा खटाटोप या एका शोधावर उभा आहे. दिवे दीर्घकाळ तेवत ठेवले की झाडाच्या दृष्टीने उन्हाळा चालू राहतो, आणि ते बारा तासांवर आणले की शरद ऋतू सुरू होतो. बाहेर बर्फ पडत असो की वैशाख तापलेला असो, आत त्याचा पत्ता नसतो. अंधाराला येथे उजेडाइतकेच मोल असल्यामुळे दाराखालच्या फटीतून येणारी उजेडाची तिरीप किंवा एखाद्या उपकरणावर रात्रभर लुकलुकणारा इवलासा दिवाही जोपासणाऱ्याला अस्वस्थ करतो. पानाची टोके का करपली, पानाच्या पाठीमागे लाल कोळी तर लागला नाही ना, दमट हवेमुळे भुरी तर पडली नाही ना, हे तो रोज निरखतो. या निगराणीत द्राक्षबागायतदाराच्या जागरूकतेचा अंश आहे, आणि तिला केवळ नशेची हाव म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल. कित्येकांना पिकापेक्षा ही निगराणीच अधिक प्रिय असते.

या जोपासनेतील दुसरे कौशल्य नर आणि मादी ओळखण्याचे आहे. पपईप्रमाणे या वनस्पतीतही नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे असते. मादीच्या फुलांवर सूक्ष्म ग्रंथींतून राळ स्रवते आणि नशा आणणारे टीएचसी हे द्रव्य प्रामुख्याने त्या राळेत असते; परागण झाले की झाडाची शक्ती बी भरण्याकडे वळते, म्हणून नर वेळीच काढून टाकले जातात. अशा बिनबियांच्या फुलांना अमेरिकेत १९७०च्या दशकात एका स्पॅनिश नावाने प्रतिष्ठा मिळाली. परंतु ती कला भारतीय उपखंडात फार आधीपासून नांदत होती. राजशाही जिल्ह्यातील नौगावच्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातील, गांजाच्या शेतांत एकोणिसाव्या शतकात पोद्दार किंवा परखदार नावाचे जाणकार असत. ते उभ्या पिकातून फिरत एकेक झाड पारखत आणि नर झाड आढळले की काढून टाकत. हे काम उघड्यावर, सरकारी परवान्याखाली आणि साऱ्या गावाच्या डोळ्यांदेखत चाले. हिंदुस्थान सरकारने १८९३-९४ मध्ये नेमलेल्या सात सदस्यांच्या आयोगाने ११९३ साक्षीदार तपासले आणि असा निष्कर्ष काढला की बेताचे सेवन बहुतांश लोकांस फारसे अपायकारक नसते, अतिसेवन मात्र घातक ठरते. त्यामुळे सरसकट बंदीऐवजी परवान्याने, ठरावीक क्षेत्रात लागवड होऊ द्यावी. त्या काळातील उपाय झाडाला शेतात आणि नजरेच्या टप्प्यात ठेवण्याचा होता.

झाड खोलीत गेले ते याच्या उलट धोरणामुळे. उत्तर कॅलिफोर्नियातील हंबोल्ट, मेंडोसिनो आणि ट्रिनिटी या डोंगराळ परगण्यांत लागवड वाढल्यावर १९८३ पासून तेथे हेलिकॉप्टरांतून टेहळणी करून झाडे उपटण्याची मोहीम सुरू झाली. आकाशातून दिसणारे झाड धोक्यात आले, तेव्हा ते छपराखाली गेले. रस्त्यावरच्या दिव्यांत आणि हरितगृहांत वापरले जाणारे सोडियमचे प्रखर दिवे घराच्या तळघरांत आले, आणि उंच, पसरट झाडांऐवजी बुटकी व लवकर फुलणारी वाणे निवडली गेली. आज ज्याला या छंदाचे तंत्र म्हणतात, त्याचा मोठा भाग अशा रीतीने भीतीने घडवला आहे.

भिंतही पुरेशी नव्हती, हे एका खटल्याने दाखवून दिले. जानेवारी १९९२ मध्ये ओरेगॉन राज्यातील फ्लॉरेन्स या गावी पहाटेच्या अंधारात सरकारी अधिकाऱ्यांनी रस्त्यावर उभ्या केलेल्या मोटारीतून एका घरावर उष्णता टिपणारे यंत्र रोखले. काही मिनिटांतच असे दिसले की त्या घराच्या गॅरेजचे छप्पर आणि एका बाजूची भिंत उरलेल्या घरापेक्षा आणि शेजारच्या घरांपेक्षा गरम आहे. या उष्णतेवरून अधिकाऱ्यांनी आत दिवे असल्याचा तर्क बांधला आणि झडतीचा हुकूम मिळवला; आत शंभराहून अधिक झाडे सापडली. हा कायलो खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००१ साली पाच विरुद्ध चार अशा मतांनी न्यायालयाने ठरवले की सर्वसामान्यांच्या वापरात नसलेल्या यंत्राने घराच्या आतील गोष्टी जाणून घेणे ही झडतीच होय, आणि ती हुकमाविना करता येणार नाही. नागरिकाच्या खासगीपणाच्या दृष्टीने हा निकाल मोलाचा आहे. तथापि त्यातील वस्तुस्थिती आणखी एक गोष्ट सांगते, ती अशी की भिंतीने झाडे झाकली होती, पण त्यांच्यासाठी जाळलेल्या विजेची ऊब भिंतीतून पाझरून रस्त्यापर्यंत आली होती.

घराच्या आतील वर्तनाला संरक्षण देणारी परंपरा सुदृढ आहे. अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली रेव्हिन खटल्यात प्रौढ व्यक्तीला स्वतःच्या घरात वैयक्तिक वापरापुरता गांजा बाळगण्याची मुभा खासगीपणाच्या हक्कातून काढली, आणि दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये खासगी जागेतील लागवडही त्याच हक्काखाली आणली. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७च्या पुट्टस्वामी निकालात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला असला तरी त्यातून गांजाच्या लागवडीला मुभा मिळालेली नाही; १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या विसाव्या कलमानुसार या लागवडीला दहा वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीची आणि एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे. एखाद्या प्रौढाने कुंडीत लावलेल्या झाडासाठी एवढी शिक्षा असावी काय, याचा शांतपणे फेरविचार व्हायला हवा. कोवळ्या वयातील सेवनाने मेंदूच्या वाढीला पोचणारा अपाय आणि काहींच्या बाबतीत बळावणारे मनोविकार हे धोके खरे आहेत; मात्र त्यांच्यावरचा उपाय मुलांचे रक्षण आणि उपचार यांत शोधायला हवा, तुरुंगात तो सापडण्याची शक्यता कमी आहे.

नवलाची गोष्ट अशी की ज्या कायद्यांनी बंदी उठवली, त्यांनीही झाडाला उन्हात येऊ दिले नाही. कॅलिफोर्नियात २०१६च्या जनमताने सहा झाडांची मुभा मिळाली. पण नगरपालिकांना घराबाहेरची लागवड पूर्णपणे रोखण्याचा अधिकार मिळाला आणि घराच्या आतील लागवड मात्र सरसकट रोखता येणार नाही, असे ठरले. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात झाड सार्वजनिक जागेतून दिसता कामा नये. जर्मनीत एप्रिल २०२४ पासून प्रौढाला तीन झाडे लावता येतात, परंतु ती मुलांच्या आणि परक्यांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवावी लागतात. मुलांपासून झाड दूर ठेवणे आवश्यकच आहे. पण कुलूपबंद अंगण आणि विजेच्या दिव्याची खोली यांत मोठा फरक आहे. केवळ नजरेला पडू नये म्हणून जेव्हा कायदा झाडाला आत ढकलतो, तेव्हा भीतीच्या काळातली खोली तो संकोचाच्या काळातही चालू ठेवतो.

त्या संकोचाची किंमत मोजता येते. सहाशे वॉटचा एक जुन्या पद्धतीचा दिवा रोज बारा तास जळला तर दिवसाला ७.२ युनिट वीज लागते, आणि साठ दिवसांच्या फुलोऱ्याला ४३२ युनिट, म्हणजे महिन्याला २१६. महाराष्ट्रातील घरगुती वीजदराचा पहिला टप्पा महिना १०० युनिटांचा आहे, हे लक्षात घेतले की त्याच्या दुपटीहून अधिक वीज एका दिव्याच्या शरद ऋतूला लागते असे दिसते, आणि यात पंखे, हवा थंड करण्याची वा ओलावा काढण्याची यंत्रे धरलेली नाहीत. एलईडी दिव्यांनी हा खर्च घटतो, पण संपत नाही. अमेरिकेतील शास्त्रज्ञ इव्हान मिल्स यांनी २०१२ साली असा अंदाज मांडला की त्या देशातील एकूण विजेपैकी सुमारे एक टक्का वीज बंद जागेतील गांजाच्या लागवडीवर खर्च होते. कोलोरॅडो राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ साली हिशेब केला तेव्हा एक किलो वाळलेल्या फुलांमागे, ठिकाणानुसार, २२८३ ते ५१८४ किलो कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचे उत्सर्जन आढळले. हे आकडे प्रामुख्याने मोठ्या गोदामांचे आहेत आणि छंदिष्टाची खोली त्यांच्यापुढे लहान आहे. पण सूर्य जे फुकट देतो ते विकत घेण्याची रीत दोन्हीकडे एकच आहे.

खासगीपणाचा युक्तिवाद येथे आपल्या सीमेला येऊन पोचतो. घरात काय पिकवले, हे राज्याने डोकावून पाहू नये, हा आग्रह योग्य आहे. परंतु भिंत नजर अडवते, परिणाम अडवत नाही. औष्णिक केंद्राचा धूर कोणा दुसऱ्याच्याच गावावर पसरतो आणि त्या गावाने या छंदाला संमती दिलेली नसते. म्हणून जेथे ही लागवड कायदेशीर आहे तेथे झाडांच्या संख्येबरोबर त्यांच्यासाठी लागणाऱ्या विजेचाही विचार व्हावा, आणि कुलूपबंद गच्ची किंवा कुंपण घातलेले परसू यांना खोलीपेक्षा अग्रक्रम मिळावा. भारतात कधी या कायद्याचा फेरविचार झालाच, तर त्याची सुरुवात परदेशी खोलीच्या नकलेपासून होऊ नये. पावसाळा सरून दिवस आखडू लागले की हिमालयाच्या पायथ्याशी हे झाड रस्त्याकडेला आपोआप फुलावर येते आणि त्यासाठी त्याला दिवा, पंखा किंवा घड्याळ लागत नाही. ज्याला या झाडाचा खरोखर छंद आहे, त्याने त्याच्या या मूळ छंदाची, त्याच्या स्वतःच्या लयीची, ओळख ठेवावी आणि कायद्याने मोकळीक दिली असेल तेथे निदान खिडकी उघडावी.