खुणा कुणाच्या

पळसदेवच्या एका आबांनी बुडालेल्या गावाची हकिकत लिहायला घेतली. उजनी धरणाच्या पाण्यात जुनं पळसदेव गेलं. एखाद्या उन्हाळ्यात पाणी फार ओसरलं की पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं; पण कुणाचं घर कुठं, कुणाचा मळा कुठं, हे म्हाताऱ्यांच्याच ध्यानात उरलंय. आबा सकाळी नोटपॅड उघडून चार ओळी लिहायचे. फाइल सामायिक फोल्डरमध्ये होती, पुण्याच्या नातीलाही ती उघडता यायची.

नात एडवर्ड रीम यांचा लिओ एडिटर वापरायची. आबांच्या सलग मजकुराची तिनं आउटलाइन केली : 'मळे', 'देऊळ', 'नवं गावठाण'. कुठला भाग कुठं सुरू होतो ते कळावं म्हणून लिओ त्याच फाइलीत ॲट चिन्हाच्या ओळी घालत होता. आबांना वाटलं, कचरा शिरलाय. त्यांनी एकूण एक ओळ पुसली आणि नातीची सगळी रचना कोलमडली.

"आबा, त्या खुणा माझ्या होत्या हो!"

"मग माझ्या लिखाणात कशाला? तुझ्या खुणा तुझ्यापाशी ठेव की, पोरी."

तिला राग आला, पण बोलणं खरं होतं. लिओत त्याची सोयही होती. तिनं ती फाइल 'क्लीन' प्रकारची केली. आता रचना तिच्या लिओच्या फाइलीत, आबांकडे निव्वळ मजकूर. आबांनी काही बदललं की लिओ जुन्या-नव्या ओळी ताडून बघतो आणि बदल ज्याच्या त्याच्या भागात बसवतो. तिनं स्वतःला एक शिस्तही लावली : आधी आबांचं नवं लिखाण आत घ्यायचं, मगच आपलं सेव्ह करायचं. नाहीतर तिच्या एका बटणानं आबांची सकाळ पुसली गेली असती. मला तिची ही शिस्त त्या सोयीपेक्षाही मोलाची वाटते. बुडालेल्या गावाची आठवण पुन्हा तशीच सांगितली जाईल, याचा भरवसा नसतो.

एके दिवशी आबांनी नेमकं दोन भागांच्या सांध्यावर लिहिलं, 'देव नव्या गावात आले, देऊळ पाण्यात राहिलं.' ही ओळ कुठल्या भागाची, हे ताडून कळणार कसं? लिओनं ती 'देऊळ'च्या शेवटी ठेवली. नातीनं फोन लावला.

"नव्या गावाची ती," आबा म्हणाले. "देवाबरोबर आम्हीबी आलो ना."

तिनं ओळ उचलून 'नवं गावठाण'च्या सुरुवातीला नेली. आबांच्या फाइलीतलं एक अक्षरही हललं नाही.