रक्ताचा दोष आणि हाताचा दोष

आमच्या वस्तीतल्या एका दोस्ताला हिमोफिलिया आहे. रक्त गोठवणारा एक घटक त्याच्या अंगात कमी. लहानपणी दात घासताना हिरडीतून रक्त आलं, तशी आईनं घाबरून ब्रश हिसकावून घेतला. तेव्हापासून नुसती चूळ भरायची. आज तिशीच्या आतच त्याच्या हिरड्या सुजल्यात, दात हलतात. दातांच्या डॉक्टरकडं गेला. आजाराचं नाव ऐकताच डॉक्टर म्हणाला, "तुमच्या रक्तातच दोष आहे, आम्ही काय करणार?" तोंडात डोकावलासुद्धा नाही.

हे वाक्य मला झोपू देईना. कारण ते आम्ही आधीपासून ऐकतोय. आमच्या बापजाद्यांनाही हेच सांगितलं होतं : खोट तुमच्या जन्मातच आहे.

म्हणून विचारतो, माणसाच्या दुःखातलं रक्ताचं किती आणि हातांचं किती?

हिमोफिलिया सहसा आईकडून मुलात येतो, हे खरं. पण हिरड्यांचा रोग असा वारशानं आलेला नाही. दाताच्या कडेला जंतूंचा थर साचतो, त्याचं दगडासारखं किटण होतं, हिरडी सुजते. सुजलेली हिरडी लगेच रक्त सोडते. रक्ताला भिऊन माणूस घासणं सोडतो. थर वाढतो, रक्त आणखी येतं. मऊ ब्रशनं रोज दोनदा घासलं तर हे चक्र तुटतं. रक्ताच्या डॉक्टरांशी बोलून, लागेल तिथं तो घटक आणि ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड देऊन किटणही काढता येतं. उपाय आहे. हात पुढं येत नाही.

राणी व्हिक्टोरियाच्या मुलाला, लिओपोल्डला, हाच आजार होता. तो १८८४ साली गेला. रशियाच्या शेवटच्या झारच्या पोरालाही तोच. जग त्याला 'शाही आजार' म्हणतं. आणि आमच्या विदर्भातला सिकलसेल? १९५८ साली नागपूरच्या डॉक्टरांनी तो महारांत असल्याचं नोंदवलं. मी मात्र तो 'तुमच्या लोकांचा आजार' म्हणूनच ऐकत आलो. अरे, तो आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, ग्रीसमध्ये आहे. एकाच पालकाकडून आलेलं हे जनुक जीवघेण्या हिवतापापासून वाचवतं, म्हणून हिवतापाच्या मुलखात ते टिकलं. डासानं कुणाची जात विचारली नव्हती. सिकलसेलच्या माणसाला जंतुसंसर्गानं वेदनेचा झटका येऊ शकतो, म्हणजे हिरडी त्यालाही जपलीच पाहिजे. राजाचं रक्त बिघडलं तर शाही, आमचं बिघडलं तर जात, हा कुठला न्याय?

बाबासाहेबांनी बुद्धावरच्या आपल्या ग्रंथात मागल्या जन्मीच्या कर्माचा सिद्धांत तपासून नाकारला. आम्ही तो ग्रंथ डोक्याला लावतो. तरी दोस्ताचे दात हलताना बघून मीच म्हणालो होतो, "नशीब तुझं." डॉक्टर बोलला त्यात आणि माझ्या बोलण्यात फरक काय राहिला? दोघांनीही हाताचं काम रक्तावर ढकललं.

२०१६ च्या अपंग हक्क कायद्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल तिन्ही आहेत. कायदा छापून झाला. तोंड उघडून बघणारा अजून मिळायचाय.

दोस्तानं रक्ताच्या डॉक्टरांना विचारून मऊ ब्रश आणलाय. पहिल्या दिवशी थुंकी लाल आली. आईचा जीव वरखाली झाला, पण तिनं ब्रश हिसकावला नाही. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा दातांच्या डॉक्टरकडं जाणार आहे. या वेळी मी बरोबर आहे. एवढंच म्हणायचंय, "साहेब, रक्ताचं राहू द्या. हिरडीचं काय ते बघा."