सिगरेटच्या जागी काय?

सिगरेट सोडून मला सहा वर्षं होतील. हे कुठेही बोललं की समोरून ठरलेला प्रश्न येतो : कशी सोडलीस? "निकोटिनचं च्युइंगगम चघळून," असं सांगितलं की विचारणाऱ्याचा चेहरा जरा पडतो. त्याला काहीतरी जबरदस्त ऐकायचं असतं. भरलेलं पाकीट नदीत फेकलं, लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, असलं काही. माझ्या काकांनी एका दिवाळीत सगळ्यांसमोर पाकीट चुरगाळलं आणि पुन्हा कधी हात लावला नाही. माझ्या गमची हकिगत ऐकून ते म्हणाले, "म्हणजे दारू सोडली आणि बियर धरली म्हण की!"

तेव्हा राग आला होता. नंतर मात्र त्या टोमण्यातला प्रश्न मला खरा वाटायला लागला. एका सवयीच्या जागी दुसरी ठेवली तर ती सुटका की नुसती बदली? आणि कुबडी घेऊन जो चालला, त्याचं चालणं कमी प्रतीचं का?

काकांच्या बोलण्यामागे चांगल्या वागण्याचं एक चित्र आहे, आणि ते आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात असतं. मोह हा शत्रू, मन हे रणांगण, आणि जो दात-ओठ खाऊन लढला तो शूर. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो, की इच्छा नसतानाही, कुणी मागून ढकलल्यासारखा माणूस पाप का करतो? उत्तरात कृष्ण काम-क्रोधांना वैरी म्हणतो. आपण त्यातला 'वैरी' तेवढा लक्षात ठेवला. त्याच उत्तरात पुढे, हा वैरी इंद्रियं, मन आणि बुद्धी यांत ठाण मांडून बसतो असंही म्हटलंय, हे विसरलो. शत्रू घरातच राहायला असेल, तर नुसत्या आरोळीने काय होणार?

ॲरिस्टॉटलने यात एक भेद केला आहे, तो मला फार उपयोगी पडला. एक माणूस असा, की ज्याला चुकीची इच्छा होते पण तो तिला आवरतो. दुसरा असा, की ज्याला ती इच्छा तशी छळतच नाही. आपण टाळ्या पहिल्यासाठी वाजवतो, कारण त्याचं झगडणं दिसतं. ॲरिस्टॉटल वरचा दर्जा दुसऱ्याला देतो. आणि दुसऱ्यासारखं होण्याचा त्याने सांगितलेला रस्ता अगदी बिनरंगाचा आहे : सराव. तसं वागत वागतच माणूस तसा होतो.

सरावाचाच हिशेब मांडायचा तर माझा असा. रोज दहा सिगरेटी, एकेकीचे साधारण दहा झुरके, सतरा वर्षं. म्हणजे सहा लाखांहून जास्त झुरके. ओढलेल्या धुरातलं निकोटिन दहा ते वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं. कृती आणि बक्षीस यांत इतकं कमी अंतर ठेवून सहा लाख वेळा गिरवलेला धडा एका शपथेने पुसला जाईल, ही अपेक्षाच मला आता गमतीची वाटते. काकांना जमलं, हे खरं. पण मोडलेल्या शपथा कुणी दिवाळीत सांगत बसत नाही, हेही खरं.

माहिती कमी होती असंही नव्हतं. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ साली ब्रिटिश डॉक्टरांचा अभ्यास सुरू केला, त्याचे पन्नास वर्षांचे निष्कर्ष २००४ साली आले. कायम ओढत राहिलेले सरासरी दहा वर्षं आधी गेले. चाळिशीत सोडणाऱ्यांनी त्यातली सुमारे नऊ वर्षं परत मिळवली. हे मी वाचलं तेव्हा माझं वय अडतीस होतं, आणि ते मी गॅलरीत सिगरेट ओढत वाचलं.

सार्त्रने 'बीइंग अँड नथिंगनेस'मध्ये (१९४३) आपल्या सिगरेट सोडण्याविषयी लिहिलं आहे. तंबाखूच्या चवीचं त्याला फारसं काही वाटत नव्हतं. नाटक पाहताना, सकाळी काम करताना, जेवणानंतर, हे सगळं धुराविना बेचव होईल याची त्याला भीती होती. जगाचा उपभोग घ्यायचा एक विधीच त्याच्या दृष्टीने त्यात होता. मग त्याने काय केलं? तंबाखूवर चढवलेले अर्थ उतरवले. ही एक जळणारी वनस्पती आहे, बाकी काही नाही, असं स्वतःला पटवलं. युक्ती चालली, असं तो लिहितो. पुढे आयुष्यभर त्याचे फोटो मात्र पाइप किंवा सिगरेटसकट आहेत.

मला वाटतं, त्याने निदान अचूक केलं आणि उपाय उलटा. चढवलेले अर्थ खोटे नव्हते. दुपारी चार वाजता माझा मित्र आणि मी ऑफिसखालच्या टपरीवर उतरायचो, दोन कटिंग, दोन सुट्या सिगरेटी. (सुटी सिगरेट विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे, हे टपरीला ठाऊक नसावं.) त्याच्या घटस्फोटाची पहिली बातमी मला तिथे कळली. माझ्या वडिलांच्या आजारपणाबद्दल मी पहिल्यांदा बोललो तेही तिथेच. एरवी दोन पुरुष समोरासमोर बसून असलं काही बोलत नाहीत. हातात पेटलेलं काहीतरी असलं, नजर धुराकडे असली, की जमतं. सिगरेट आमच्यासाठी निकोटिनखेरीज इतकी कामं करत होती : हाताला चाळा, खोल श्वास, कामातून उठायचं निमित्त, आणि जिव्हाळ्याला आडोसा.

म्हणून 'सिगरेटच्या जागी काय?' हा एक प्रश्न नाही, चार-पाच आहेत. रसायनाची जागा गमने घेतली. तो गम थोडा चावायचा, जिभेला झणका बसला की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा; माझी आजी मिश्री लावून झाल्यावर बसायची तसंच तोंड होतं. (मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, पण आजीला कुणी व्यसनी म्हटलं नाही. दात घासणं म्हणायचे.) तोंडात गम असताना आणि त्याआधी पंधरा मिनिटं काही खायचं-प्यायचं नसतं, त्यामुळे चहा आणि निकोटिन यांची सतरा वर्षांची जोडी आपोआप फुटली. तलफ आली तरी काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ जिना चढ-उतर केला. हाताला शेंगा सोलायला दिल्या. अशा आधारांनी सोडण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्तच वाढते, असं अभ्यास सांगतात. हमी कुणीच देत नाही.

मग कुठलाही पर्याय चालतो का? नाही, आणि काकांचा टोमणा इथे बरोबर लागतो. तुळशीच्या पानांची बिनतंबाखूची विडी घेतली, तरी जळणाऱ्या पानाचा टार आणि कार्बन मोनॉक्साइड छातीत जातोच. 'लाइट' सिगरेटवाले नकळत जास्त खोल ओढून हिशेब पुरा करायचे. ई-सिगरेटवर भारतात २०१९ साली बंदी आली. तिने काहींची सिगरेट सुटते असे पुरावे आहेत, पण कधीही न ओढलेल्या कॉलेजातल्या पोराच्या हातात ती कशाचाच पर्याय नसते, सुरुवात असते. मी स्वतःसाठी एक कसोटी लावली : ही नवी सवय मला तिच्याशिवाय राहायला शिकवते आहे का? गमचे तुकडे दिवसाला दहावरून आठ, पाच, दोन झाले आणि पाचव्या महिन्यात खिशात स्ट्रिप आहे की नाही हे मी विसरलो. एखाद्याचा गम वर्षभर सुटत नसेल, तर त्यालाही मी कमी लेखणार नाही. धुराशिवायचं निकोटिन निर्दोष नाही, पण फुप्फुसं जाळत नाही. इतरांच्या पवित्र्याच्या कल्पनेसाठी कुणी सिगरेटकडे परत जावं, यात नीती कुठली?

राहिला जिव्हाळ्याचा आडोसा. त्याला औषधाच्या दुकानात काही मिळत नाही. पहिले तीन महिने मी टपरीवर गेलोच नाही. मित्राने दोनदा बोलावलं, मग बोलावणं सोडलं. सोडण्याची खरी किंमत मी तिथे मोजली. छातीचं भलं करताना मी एका माणसाला एकटं टाकलं होतं, आणि तेही तब्येतीचं कारण सांगून. कुणी मला दोष दिला नसता, म्हणूनच ते जास्त टोचत होतं. चौथ्या महिन्यात मी चार वाजता त्याच्या टेबलाशी गेलो आणि म्हटलं, "चल, एक चक्कर मारू." तो म्हणाला, "मी ओढणार." म्हटलं, "ओढ की."

आता आम्ही रोज चालतो. वाऱ्याची दिशा बघून तो सिगरेट पलीकडच्या हातात धरतो. नजर समोर असते, त्यामुळे बोलणं होतं. मी त्याला सोड म्हणत नाही. हा संयम मैत्रीतला की भित्रेपणातला, ते माझं मलाच नीट ठरवता आलेलं नाही. त्याची छाती माझ्या गप्प राहण्याची वाट बघत थांबलेली नाही, हे मला कळतं. गेल्या महिन्यात जिना चढताना तो दुसऱ्या मजल्यावर थांबला, मोबाइल बघायचं निमित्त करून. मीही थांबलो. दुसऱ्या दिवशी गमची एक स्ट्रिप त्याच्या टेबलावर ठेवली, काही न बोलता. त्याने ती उचलली, मागचा मजकूर वाचला आणि ड्रॉवरमध्ये टाकली.

अजून तिथेच आहे. काल स्टेपलर काढताना दिसली.