शोभिवंत पाषाण पाहताना

ऑक्टोबर महिन्यात आम्ही म्युनिकहून मोटारीने निघालो आणि आल्प्स पर्वताच्या पायथ्याने फ्युसेन, साल्झबर्ग, बेर्ख्तेसगाडेन असा फेरा करून पुन्हा म्युनिकला परतलो. त्या प्रदेशातील शरद ऋतू म्हणजे पानगळीचा काळ. बीच आणि मेपलची झाडे पिवळीतांबडी होऊन उभी असतात, सकाळी तळ्यांवर धुके असते आणि उंच शिखरांवर पहिले हिम दिसू लागते. परंतु येथे प्रवासवर्णन लिहिण्याचा आमचा मानस नाही. त्या वाटेवर एका प्रश्नाने आमची पाठ सोडली नाही, तो वाचकांपुढे ठेवावा एवढाच हेतू आहे. जी वास्तू कुणाच्या गर्वातून, अन्यायातून वा क्रौर्यातून उभी राहिली, तिच्या सौंदर्याचा आनंद निःशंक मनाने घेण्याचा अधिकार आपल्याला आहे काय?

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे आहेत. झाले गेले गंगेला मिळाले, आता केवळ कला पाहावी, हे एक. जेथे पाप घडले तेथे नजरही टाकू नये, हे दुसरे. आमच्या मते दोन्ही उत्तरे आळसातून आलेली आहेत. पहिल्यात माणसांचा विसर पडतो. दुसऱ्यात डोळे मिटून घेतल्याचे पुण्य फुकट पदरात पडते.

फ्युसेनजवळच्या कड्यावरील नॉयश्वानस्टाइनचा किल्ला छायाचित्रांमुळे सर्वांच्या परिचयाचा आहे. खरे तर तो किल्ला नव्हेच. १८६६ च्या युद्धात बव्हेरियाचा पराभव झाला, राजा दुसरा लुडविग याची सत्ता नावापुरती उरत चालली; आणि १८६९ मध्ये त्याने या वास्तूचा पाया घातला. हातून निसटणारे राजेपण त्याने दगडात बांधावयास घेतले. पैसा राज्याच्या तिजोरीतला नव्हता. तो राजाच्या खाजगी नेमणुकीतला आणि कर्जाचा होता. हे कर्ज पुढे सुमारे १ कोटी ४० लाख मार्कांवर गेले. जून १८८६ मध्ये राजाला वेडा ठरवून पदच्युत करण्यात आले आणि लगेच काही दिवसांत स्टार्नबर्ग सरोवरात त्याचा मृतदेह मिळाला. जेथे परक्याचे पाऊल पडू नये अशी त्याची इच्छा होती, ती वास्तू सात आठवड्यांच्या आत तिकीट लावून लोकांना खुली करण्यात आली. आज तेथे वर्षाकाठी दहा लाखांहून अधिक माणसे येतात. २०२५ च्या जुलैत तिची जागतिक वारशात नोंदही झाली.

तेथील सिंहासनाचे दालन मात्र मनात घर करून राहते. वर प्रभू येशू, त्याच्या खाली संतपद लाभलेले सहा राजे, दोन्ही बाजूंस बारा प्रेषित, मध्ये पांढऱ्या संगमरवराच्या पायऱ्या. आणि पायऱ्या चढून गेल्यावर सिंहासनच नाही! ते घडण्यापूर्वीच राजा गेला. त्या रिकाम्या जागेवर एखादे प्रवचन रचणे सोपे आहे. तो मोह आम्ही आवरतो. कारण याच बांधकामाची दुसरी एक गोष्ट त्या प्रवचनाला छेद देणारी आहे. १८७० मध्ये तेथील कारागिरांसाठी एक साहाय्य संस्था स्थापन झाली. आजारी कामगाराला पंधरा आठवड्यांपर्यंत वेतन मिळे, अपघातात दगावलेल्यांच्या कुटुंबांना थोडेफार निवृत्तिवेतन मिळे आणि संस्थेच्या निधीत राजा स्वतः भर घाली. जर्मनीत आजारविम्याचा कायदा आला तो १८८३ मध्ये. छांदिष्ट, कर्जबाजारी राजा. परंतु त्याच्या गवंड्याच्या घरी दुखणे आले तरी चूल पेटत होती. म्हणजे किंमत कोणी दिली हे विचारल्यावर उत्तर दर वेळी काळेच येईल असे नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी सौंदर्याची तीन लक्षणे सांगितली आहेत: पूर्णता, प्रमाणबद्धता आणि तेज. गुरुविद्यालयात आम्ही ती पाठ केली होती. या प्रवासात पहिल्या लक्षणापाशी आम्ही थबकलो. जी वास्तू तिच्या गवंड्यांविना, कर्जाविना, बळींविना पाहिली जाते, ती पूर्ण पाहिली गेली काय? मग ‘किंमत कोणी दिली’ हा प्रश्न सौंदर्याचा वैरी राहत नाही. तो पाहण्याचाच एक भाग ठरतो. लूकच्या शुभवर्तमानातील एकविसावा अध्याय वाचकांनी काढून पाहावा. मंदिराच्या शोभिवंत पाषाणांचे लोक कौतुक करतात, परंतु त्याच्या अगदी आधी प्रभूची नजर दोन नाणी टाकणाऱ्या विधवेवर गेलेली आहे.

साल्झबर्गला हे आमच्या अंगाशी आले, कारण तेथील डोंगरावरचा होहेनसाल्झबर्ग किल्ला कुणा राजाचा नव्हे, आर्चबिशपांचा! १०७७ मध्ये आर्चबिशप गेबहार्ड यांनी त्याचा आरंभ केला. पुढील आर्चबिशप त्या प्रदेशाचे राज्यकर्तेही होते. मिठाच्या खाणींनी त्यांना वैभव दिले. १५२५ मध्ये त्यांच्याच शेतकऱ्यांनी आणि खाणकामगारांनी किल्ल्याला वेढा घातला होता. ३१ ऑक्टोबर १७३१ रोजी आर्चबिशप फिर्मियान यांनी प्रॉटेस्टंट प्रजेच्या हद्दपारीचा हुकूम काढला. ज्यांना जमीनजुमला नव्हता त्यांना आठ दिवसांत निघावे लागले, तेही हिवाळ्याच्या तोंडावर. सुमारे वीस हजार माणसे देशोधडीला लागली. बहुतेकांना प्रशियाच्या राजाने आश्रय दिला. तटावरून खाली पाहताना नदी, घुमट, सोनेरी झाडे सारेच मनोहर दिसते. पण हे आमच्याच घरातले कृत्य आहे, हे कॅथलिक प्रवाशाने स्वतःला सांगितले पाहिजे. १९६६ मध्ये आर्चबिशप आंद्रेआस रोहराखर यांनी प्रॉटेस्टंट बांधवांची क्षमा मागितली. त्यास २३५ वर्षे लागली. वसईच्या किल्ल्यातील भग्न चर्चच्या कमानींखाली आपण अभिमानाने छायाचित्रे काढतो, तेव्हा ते चिरे कोणी वाहिले, हे आपण तरी कधी विचारतो? असो.

पर्वत मात्र कुणी बांधलेले नाहीत. बेर्ख्तेसगाडेनजवळच्या वाट्झमान शिखराला कुणाचे देणे नाही. परंतु ते पाहण्यासाठी माणसे जेथे चढतात, ते १८३४ मीटर उंचीवरील केलस्टाइनहाउस १९३८ मध्ये हिटलरसाठी पूर्ण झाले. खडक पोखरून १२४ मीटरची लिफ्ट बसविली. पायथ्याच्या ओबरसाल्झबर्ग वस्तीतील कुटुंबांना घरे सोडावयास लावली. आज तेथे उपाहारगृह आहे आणि त्याचे उत्पन्न धर्मादाय कार्यास जाते. हा उपयोग आम्हांस योग्य वाटतो. त्याच प्रदेशातील शेतकऱ्यांची एक रीत आहे. शरदाच्या आरंभी कुरणांवरची गुरे खाली आणताना त्यांना फुलापानांचे मुकुट घालतात. पण त्या उन्हाळ्यात डोंगरावर एखादे जनावर दगावले असेल किंवा घरात मृत्यू झाला असेल, तर कळप तसाच, सजावटीविना उतरतो. रस्त्याकडेच्या माणसाला न विचारता सारे कळते. राजवाड्यांना ही रीत कधी ठाऊक नव्हती.

म्युनिक येथे फ्राउएनकिर्खेचे दोन घुमटी मनोरे आहेत, सुंदर चौक आहेत. शहरापासून थोड्याच अंतरावर डाखाऊ आहे. १९३३ ते १९४५ या काळात त्या छळछावणीत दोन लाखांवर माणसे कोंडली गेली. त्यांत अडीच हजारांहून अधिक कॅथलिक धर्मगुरू होते. संत टायटस ब्रँड्स्मा तेथेच १९४२ मध्ये मरण पावले. १७ डिसेंबर १९४४ रोजी त्या छावणीत क्षयाने खंगलेल्या कार्ल लाइझनर या डीकनला गुप्तपणे गुरुदीक्षा मिळाली. दीक्षा देणारे फ्रेंच बिशप गाब्रिएल पिगे हेही कैदीच होते. म्युनिकच्या कार्डिनलांची संमती आणि पवित्र तेल एका तरुणीने लपवून आत पोहोचविले. उपासनेची वस्त्रे कैद्यांनी चोरून शिवली, बिशपांचा दंड कैद्यांपैकीच एकाने लाकडातून कोरला. फादर लाइझनर यांना आपल्या आयुष्यात एकच मिस्सा अर्पण करता आली, त्याच छावणीत, २६ डिसेंबरला, संत स्तेफनच्या सणाच्या दिवशी.