ओरादूरला मुलांना न्यावं का?

लिमोजहून थेट दक्षिणेला दोर्दोन्यच्या खोऱ्याकडे निघायचं, की आधी वायव्येला वीसेक किलोमीटर जाऊन ओरादूर-स्यूर-ग्लान पाहायचं, हा प्रश्न रस्त्याचा नव्हता. आमच्या गाडीत माझी नऊ वर्षांची मुलगी होती आणि ताईचा पंधरा वर्षांचा मुलगा. 10 जून 1944 रोजी एसएसच्या ‘दास राइश’ डिव्हिजनच्या सैनिकांनी ओरादूरमध्ये 643 माणसं मारली. पुरुषांना कोठारांत नेऊन गोळ्या घातल्या, बायका-मुलांना चर्चमध्ये कोंडलं आणि मग गाव पेटवून दिलं. मार्च 1945 मध्ये फ्रान्सचे नेते द गॉल तिथे आले. गाव पुन्हा बांधायचं नाही, जळालं तसंच राखायचं, असं ठरलं. 1946 साली कायद्याने ते अवशेष संरक्षित झाले आणि शेजारी नवं ओरादूर उभं राहिलं.

मुलं झोपल्यावर ताई आणि मी याच विषयावर बोलत बसलो.

“तिला नको नेऊया, ताई,” मी म्हणालो. “ल्वारच्या काठापासून ती काय काय पाहत आलीय! गावचे बाजार, राख फासलेलं शेळीचं चीज, दुपारी बंद होणाऱ्या खिडक्यांच्या झडपा. तिच्या डोळ्यांत हा देश अजून कोवळा आहे. त्यात दोनशेहून जास्त मुलं जिथे मेली ती जागा कशाला आणायची?”

“ती जागा तू आणत नाहीयेस. ती आधीच आहे,” ताई म्हणाली. “प्रत्येक गावात चर्चजवळ ते स्मारक दिसतं ना, ती थांबून नावं वाचते. पहिल्या महायुद्धाची यादी एवढी लांब आणि दुसऱ्याची आखूड का, असं तिनेच मला विचारलं. एकाच आडनावाची चार-चार माणसं का, असंही. मी काय सांगायचं होतं?”

“खरं तेच सांगायचं. पहिल्या महायुद्धात फ्रान्सचे तेरा लाखांहून जास्त सैनिक मेले, भाऊ-भाऊ एकाच गावातून गेले. पण नावं वाचणं वेगळं आणि त्या चर्चमध्ये उभं राहणं वेगळं.”

“वेगळं आहेच. पण रोजे गोदफ्रँची गोष्ट तुला ठाऊक आहे ना?”

मला ठाऊक होती, तरी तिने सांगितली. ओरादूरच्या शाळेत लॉरेनमधून हुसकावलेल्या कुटुंबांची मुलंही शिकत होती. रोजे त्यांच्यातला, सात-आठ वर्षांचा. जर्मन सैनिक दिसले की रानाकडे पळायचं, असं घरच्यांनी त्याला बजावून ठेवलं होतं. सैनिक शाळेत आले तेव्हा तो पळाला. शाळेतल्या मुलांपैकी तो एकटाच वाचला. आई-वडील, भावंडं गेली.

“ज्याला सांगितलं होतं तो वाचला,” ताई म्हणाली. “बाकीच्या मुलांना मोठ्यांनी जपलं होतं, अगदी तू जपतोयस तसंच.”

“हे बरोबर नाही, ताई. त्याला घरच्यांनी इतिहास सांगितला नव्हता, सावध केलं होतं. त्या घरावर एकदा वेळ येऊन गेली होती. माझ्या मुलीला मी कोणापासून पळायला शिकवू? आणि तू एका मुलाबद्दल बोलतेस, मी दुसऱ्या मुलांबद्दल बोलतो. नव्या ओरादूरमध्ये जी जन्मली, त्यांच्याबद्दल. करड्या घरांचं गाव. कितीतरी वर्षं तिथे नाच नाही, जत्रा नाही, सगळं गाव दुखवट्यात. खिडकीतून बाहेर पाहिलं तर शेजारी जळकं गाव. तिथे वाढलेली माणसं पुढे याबद्दल बोलली आहेत. ज्या भावंडांना त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं, त्यांच्यासाठी त्यांचं बालपण खर्ची पडलं. स्मरण ठेवायचं म्हणून मुलांचा आनंद काढून घ्यायचा, हा कुठला न्याय?”

यावर ताई बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटतं, आमच्या बोलण्यातला हाच सगळ्यात अवघड भाग होता. मृतांचं आपण देणं लागतो, हे मला मान्य आहे. पण ते देणं फेडायला कोणाला पुढे करायचं? ज्यांनी काही पाहिलं नाही, काही केलं नाही, ज्यांना कोणी विचारलंही नाही, त्यांना? मेलेल्या मुलांसाठी जिवंत मुलांनी गप्प बसायचं, हे मला पटत नाही.

“त्या मुलांना माहिती दिली म्हणून त्रास झाला नाही,” ताई अखेर म्हणाली. “शोक अंगावर घालून दिला आणि उतरवू दिला नाही, म्हणून झाला. सांगणं आणि लादणं यात फरक आहे.”

“नऊ वर्षांच्या मनात ती रेघ कोण ओढणार?”

“आपण. उद्या तिला हे फोनवर सापडेल तेव्हा शेजारी आपण नसू.”

मग ती एब्रासबद्दल बोलली आणि तिथे माझी बाजू ढळली. रोबेर एब्रास कोठारातल्या गोळीबारातून जिवंत निघाले. आई गेली, दोन बहिणी गेल्या, त्यांतली धाकटी नऊ वर्षांची. फेब्रुवारी 2023 मध्ये ते वारले तेव्हा त्या हत्याकांडातून वाचलेलं दुसरं कोणी उरलं नव्हतं. आयुष्याची कितीतरी वर्षं ते शाळकरी मुलांना स्वतः त्या गल्ल्यांतून फिरवत होते. मुलांना सांगावं की सांगू नये, हे ठरवायचा हक्क कोणाला असेल तर तो त्यांना होता. आणि त्यांनी सांगायचं ठरवलं. माझ्या सगळ्या युक्तिवादांपुढे हे एक उत्तर उभं राहिलं.

“आणि जागाही फार दिवस अशी राहणार नाही,” ताई म्हणाली. “पावसाने भिंती झिजताहेत, गाड्यांचे सांगाडे, शिवणयंत्रं गंजताहेत. सावरायला जावं तर नवा चुना घालावा लागतो. किती चुना घातला की ते अवशेष उरत नाहीत? परवा आपण लास्को बघणार, ती प्रतिकृतीच ना?”

लास्कोची गुहा 1940 मध्ये काही पोरांना सापडली. पाहणाऱ्यांच्या श्वासाने चित्रं खराब होऊ लागली म्हणून 1963 मध्ये ती बंद झाली. चितारलेला बैल प्रतिकृतीतही डौलदार दिसतो. जळलेल्या घराची प्रतिकृती करायची तर ते घर पुन्हा जाळल्यासारखं होईल. म्हणून ओरादूरच्या भिंतींना टेकू द्यावेत, पडलेलं पुन्हा रचू नये, असं माझं मत आहे.

ताईच्या मुलाबद्दल आमच्यात वाद नव्हता. त्याने अवशेष पाहावेत आणि या हत्याकांडाबद्दल बोर्दोत चाललेला खटलाही वाचावा. 1953 च्या त्या खटल्यात चौदा आरोपी अल्सासचे, म्हणजे फ्रेंचच होते. त्यांतल्या तेरा जणांना जर्मनांनी सक्तीने भरती केलं होतं. शिक्षा झाली आणि आठवड्याभरात संसदेने सक्तीने भरती झालेल्यांना माफी दिली. अल्सासला तो न्याय वाटला, ओरादूर ज्या भागात आहे त्या लिमुझँला विश्वासघात. ओरादूरने पुढे अनेक वर्षं सरकारच्या प्रतिनिधींना स्मृतिदिनाला येऊ दिलं नाही. बंदूक बळजबरीने हातात दिली, तर चालवणारा किती दोषी? पंधराव्या वर्षी या प्रश्नाशी झुंजावंच. मला स्वतःला वाटतं, सक्ती होती म्हणून शिक्षा कमी होईल, दोष पुसला जाणार नाही.

मुलीचं असं ठरलं: सकाळी न्याहारीच्या वेळी तिला सगळं साध्या शब्दांत सांगायचं, मग विचारायचं. नको म्हणाली तर मी तिच्याबरोबर नव्या गावात थांबणार. हो म्हणाली तर ट्रामचे रूळ असलेल्या मुख्य रस्त्याने चालायचं, शाळेपाशी थांबायचं आणि ती ‘पुरे’ म्हणेल तिथून परतायचं. चर्चमध्ये तिला न्यायचं नाही, यावर मी ठाम राहिलो. ताईला ते पटलं नाही. चर्च वगळलं की ती मुलंच वगळली, असं तिचं म्हणणं. तिचा मुद्दा मी खोडू शकत नाही. तरीही चर्च नाहीच. त्या भिंतींच्या आत काय झालं हे तिला कळू दे, पण तिथे उभं राहायचं की नाही हे ती मोठी झाल्यावर स्वतः ठरवेल.

लिमुझँच्या बाजूने मुलांना घेऊन जाणार असाल तर ओरादूर टाळून पुढे जाऊ नका. मात्र तिथे पोचण्याआधी, गाडीत बसण्याआधीच मुलांना सांगा, आणि त्यांनी नको म्हटलं तर ते ऐका.